एकात दोन

३ नोव्हेंबर, सोमवार
आज उमरग्यात एक ऐतिहासिक अन्याय झाला. स्टँडसमोरच्या माणिकप्पानं चहा दहाचा बारा केला. मी ‘एकात दोन’वाला, एक चहा दोन कपांत, म्हणजे माझा अर्धा पाचाचा सहा. वीस टक्के भाववाढ! मी ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो हे ठाऊक असून ही हिंमत. वर म्हणतो, दूध लई महागलंय की हो सर, आमी तर काय करावं. निषेध म्हणून बिस्कीट घेतलं नाही.

५ नोव्हेंबर
डब्लिनहून निकिताचा फोन. कंपनी तिला कायम करतेय, सोळापर्यंत हो-नाही कळवायचंय. पप्पा, तुम्हाला काय वाटतं? म्हटलं, वाटण्याचा प्रश्नच नाही, आकडे बोलतील. तिची आई असती तर दोन मिनिटं रडून पोरगी परत आणली असती. मी शास्त्रीय मार्गानं आणणार.
संकल्प : डब्लिन विरुद्ध उमरगा, तौलनिक तक्ता. रोज पहाटे पाचला उठून.

६ नोव्हेंबर, सकाळी ९.४०
उठलो.

८ नोव्हेंबर
तक्ता रंगात. तिथला सरासरी पगार आपल्या कितीतरी पट, मान्य. पण केसांची कटिंग तिथं अडीच हजार, इथं ऐंशी. तिथं एका खोलीला लाखावर भाडं. इथं आपल्या तीन खोल्या, त्यातल्या दोन बंदच असतात. (शेवटचं वाक्य खोडलं.) चहा तिथं साडेतीनशे, इथं सहा. म्हणजे तिचा पगार महिना हजार कप, माझा पंधरा हजार. पोरगी दारिद्र्यात आहे आणि तिला पत्ता नाही.

११ नोव्हेंबर
तक्ता पंचाक्षरीला दाखवायचा होता. दसऱ्याला सोनं देऊन पुण्याला मुलाकडं गेला, आठ दिवसांत येतो म्हणून. वीस वर्षांची आमची रीत : एकात दोन, निम्मे त्याचे, निम्मे माझे. माणिकप्पा सवयीनं अजून दोन कप ठेवतो. समोरचा निवून जातो. वाया कशाला, म्हणून मीच पितो. त्याचे निम्मे माणिकप्पा त्याच्या नावावर मांडतो. आला की देईल.

१४ नोव्हेंबर
भाषणाची तालीम. श्रोते : कुकर. दोनदा दाद दिली.

१६ नोव्हेंबर, रविवार
निकिताला तक्ता वाचून दाखवला. चाळीस मिनिटं. मधे एक शब्द बोलली नाही. मला वाटलं, पटतंय.
शेवटी म्हणाली, पप्पा, चहा तर बाराचा झाला म्हणत होतात ना? म्हटलं, बाई, एकात दोन. म्हणाली, पण पंचाक्षरी काकांनी पुण्यात फ्लॅट घेतलाय, काकूंनी वास्तुशांतीचे फोटो टाकले होते. मग दुसरा कप कोण पितं?
रेंज नाही म्हणून फोन ठेवला. रेंज भरपूर होती.
थोड्या वेळानं मेसेज : हो कळवलं, पप्पा. पासपोर्ट काढून घ्या. मे महिन्यात या. तिकीट मी काढते.

१७ नोव्हेंबर
तक्त्यात चहा सहाचा बारा केला. श्रीमंती निम्म्यावर आली.
माणिकप्पानं दोन कप आणले. एकच दे म्हटलं. त्यानं तिथंच एकातलं दुसऱ्यात ओतलं. काठोकाठ.
पंचाक्षरीच्या नावावर किती झाले? दोनशे एकोणचाळीस. राहू द्या की सर, म्हणाला, पंचाक्षरी मालक आल्यावर देतील.
आजचे बारा धरून दोनशे एक्कावन्न. आहेराचा आकडा. बशीखाली ठेवले आणि निघालो.