टायगर हिलच्या अलीकडे

अण्णा, मला आज तुमचा राग आला आहे. जाऊन इतकी वर्षं झालेल्या माणसाचा राग आला तर तो कुठे काढायचा, हे काही तुम्ही शिकवून गेला नाहीत, म्हणून लिहायला बसले आहे. अलेक्झांड्रा गावाबाहेरचं तेच भाड्याचं घर आहे, तेच स्वयंपाकघर आणि खिडकीशी तेच टेबल. आम्ही दर जानेवारीत, इथल्या ऐन उन्हाळ्यात, ख्राइस्टचर्चहून आठवडाभर इथे येतो. तुम्ही आलात त्या वर्षी याच टेबलाशी बसून बशीतून चहा प्यायचात आणि समोरच्या उघड्याबोडक्या तपकिरी डोंगरांकडे असे बघायचात, की त्यांनी काहीतरी दडवून ठेवलं आहे.

संशय घेणं हे तुमचं कामच होतं म्हणा. अख्खी नोकरी जकात नाक्यावर गेली. सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन यायचे तेव्हाचा एक ट्रक मला अजून दिसतो. ड्रायव्हर खाली उतरून म्हणतोय, “कांदे आहेत, साहेब.” तुम्ही म्हणता, “बरं. आणखी?” आणि गप्प बसता. खरं बोलणारा वैतागून म्हणायचा, “कांदेच, दुसरं काय असणार?” खोटं बोलणाऱ्याला ती शांतता सोसायची नाही. तो सांगत सुटायचा, कांदे कुठल्या गावचे, मालक किती देवमाणूस, वाटेत टायर कसा फुटला. मग तुम्ही ताडपत्री उघडायला लावायचात आणि पोत्यांत सळई खुपसायचात. घरात सळई नव्हती एवढाच फरक. मैत्रिणीकडे अभ्यासाला गेले होते म्हटलं की “बरं. आणखी?” एकदा मी त्या मैत्रिणीच्या आईने केलेल्या थालीपिठाचं आणि वर घातलेल्या लोण्याचंही वर्णन केलं, तेव्हा तुम्ही पेपर खाली न करता विचारलंत, “पिक्चर कसा होता?” त्या दिवशी इतकी बोलणी खाल्ली, की थालीपीठ पुढे कितीतरी दिवस घशाखाली उतरलं नाही.

तुमची ती सवय मी उचलली. हॉर्नबीच्या फार्मसीत मी औषधं देते, तिथे माणूस म्हणतो, गोळ्या अगदी वेळेवर घेतो. मी म्हणते, “अँड?” आणि गप्प बसते. हातातलं काम करत राहते. बहुतेक जण दोन घोट पाण्याइतक्या वेळात खरं सांगतात.

तर तुम्ही इथे आलात. या देशात साप नाहीत, हे तुम्हाला शेवटपर्यंत पटलं नाही. काठीने गवत आपटल्याशिवाय तुम्ही कपडे वाळत घालायलाही मागे जात नव्हता. टायगर हिल हे नाव ऐकून तर तुम्ही जावयाला बाजूला घेऊन विचारलंत, “वाघ नाही म्हणता, मग नाव कोणी उगीच ठेवतं का?” पाऊस जवळजवळ पडत नाही, माती भाजलेली, मग जर्दाळूच्या बागा कशा, यावरही तुमचा विश्वास नव्हता, पाण्याचे पाट जाऊन बघितलेत तेव्हा कुठे तुमचं समाधान झालं. एकाच गोष्टीवर तुम्ही निमूट विश्वास ठेवलात. रस्त्याकडेला उगवलेलं जंगली थाइम चुरगळून हुंगलंत आणि म्हणालात, “ओवा आहे हा. बिचारा फार लांब आलाय.”

सगळ्यांत मोठा संशय त्या फळांच्या टपरीचा. टायगर हिलचा चढ सुरू व्हायच्या अलीकडे, बागेच्या फाटकाशी, एक लाकडी मांडणी, तिच्यावर जर्दाळूच्या पिशव्या आणि शेजारी पैसे टाकायची पेटी. माणूस नाही. पिशवी घ्यायची, पैसे टाकायचे, जायचं. ऑनेस्टी बॉक्स म्हणतात त्याला. गाडीतून पहिल्यांदा दिसल्यावर तुम्ही वळून वळून मागे बघत होता. “हा सापळा आहे,” तुम्ही म्हणालात. “कुठूनतरी कोणीतरी बघत असणार.”

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही गॅरेजमधली जुनी सायकल बाहेर काढलीत. आयुष्यभर सायकलवरून नाक्यावर जाणारा माणूस, मला कौतुकच वाटलं. माझ्यासाठी पुण्याहून आणलेली पितळी घंटा तुम्ही तात्पुरती त्या सायकलला बसवलीत, कारण बिनघंटीची सायकल चालवणं तुम्हाला बेकायदेशीर वाटायचं. रोज सकाळी जायचात, ऊन चढायच्या आत परत. जेवताना सांगायचात, टायगर हिलच्या माथ्यापर्यंत गेलो, वर वारा कसा होता, पलीकडे ओमाकाऊचं हिरवं शेत कसं दिसलं, एक मेंढी रस्त्यावरून हलेचना, मग घंटा कशी वाजवली. नात ‘आजोबा, अँड देन?’ म्हणत ऐकायची. मी पोळ्या वाढत होते. शेवटी एक तक्रार ठरलेली असायची. “मागचा ब्रेक घासतोय चाकाला. त्यानेच दमायला होतं.” रोज संध्याकाळी जावई सायकल उलटी करून ब्रेक सैल करायचा, आणि दुसऱ्या दिवशी तो पुन्हा घासायचा. सायकल भंगार आहे असं आम्ही ठरवून टाकलं.

परत गेलात आणि दिवाळीच्या आत गेलातच. डॉक्टर फोनवर म्हणाले, हृदयाचं दुखणं जुनं असणार, काही लक्षणं दिसली नाहीत का? मी म्हटलं, छे, डोंगर चढायचे रोज.

आता सकाळचं ऐका. त्या रस्त्यावर मी दर वर्षी सायकल चालवते. तुमची घंटा माझ्या कार्बनच्या सायकलवर आहे आणि आमच्या ग्रुपातले लोक तिला हसतात. अलेक्झांड्रा, चॅटो क्रीक, टायगर हिल, ओमाकाऊ, पायात जोर असेल तर पुढे इडा व्हॅली. दोन्हीकडे डोंगर, मधून सरळ रस्ता, झाड नाही, सावली नाही, आणि वायव्येचा वारा उठला की पेडल मारूनही जागच्या जागी. यंदा मी फार हळू जाते आहे. आधी मला वाऱ्याचा संशय आला. मग नव्या टायरचा. मग सर्व्हिसिंग करणाऱ्या दुकानातल्या पोराचा, त्याने नक्कीच ब्रेक घट्ट लावलाय. आज टपरीपाशी पोहोचले तेव्हा डोळ्यांपुढे अंधारी आली, म्हणून उतरले आणि मांडणीशेजारच्या उलट्या क्रेटवर बसले.

फाटकातून बागेची मालकीण आली. आता चांगलीच म्हातारी झाली आहे. मला पाणी दिलं आणि सायकलकडे बघत राहिली. “ही घंटा मी ओळखते,” ती म्हणाली. “याच क्रेटवर बसायचे ते. रोज सकाळी.”

अण्णा, तुम्ही माथ्यावर एकदाही गेला नाहीत. तुम्ही तिची पेटी राखत होता. कोणी गाडी थांबवून पिशवी उचलली, की पैसे पडल्याचा आवाज येईपर्यंत त्याच्याकडे रोखून बघायचात. गंमत अशी की तिला तुमचाच संशय आला होता. पॅकिंग शेडच्या खिडकीतून ती दुर्बीण लावून बसायची, हा काठीवाला माणूस माझी पेटी कधी उचलतो म्हणून. कुठूनतरी कोणीतरी बघतंय हे तुमचं बरोबरच होतं. ते ऐकून मी मोठ्याने हसले. मग ती म्हणाली, “पण दुर्बिणीतून दिसलं ते वेगळंच. ते छाती धरून बसायचे. चेहरा पार राखेसारखा. तेव्हा मी चहा घेऊन आले.”

आणि नंतर तिने सांगितलं ते मला सहन झालं नाही. ती रोज तुमची सायकल तिच्या यूटमध्ये, म्हणजे उघड्या हौद्याच्या गाडीत, मागे टाकायची, तुम्हाला पुढे बसवायची आणि घरापर्यंत सोडायची. घरापर्यंत नाही, आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत. तिथून तुम्ही सायकलवर बसून, घंटा वाजवत, फाटकातून आत यायचात. “ते म्हणायचे, माय डॉटर वरीज,” ती म्हणाली. “मी त्यांना म्हटलं होतं, सांगा तिला. तर हसले नुसते.”

मी औषधं देणारी बाई, अण्णा. तुम्ही सांगितलं असतंत तर त्याच दुपारी तुम्हाला दवाखान्यात नेलं असतं. एवढा राग मला तुमचा कधी आला नव्हता. ताडपत्रीखाली काय आहे ते लोकांकडून काढून घेण्यात जन्म घालवलात आणि स्वतः मेंढीच्या गोष्टी सांगत राहिलात! वारा, हिरवं शेत, न हलणारी मेंढी. इतका तपशील कोण देतं, हे तुमच्याच मुलीला कळू नये? मी “बरं. आणखी?” एकदा जरी म्हटलं असतं, तर तुम्ही गप्प बसला असता का?

मालकिणीने मला एकटीला जाऊ दिलं नाही. तिच्या नातवाची यूट होती, माझी सायकल मागे चढवली. कोपऱ्यावर आल्यावर मी म्हटलं, इथेच सोडा. तिने माझ्याकडे बघितलं आणि गाडी कडेला घेतली.

लेक परवाच वेलिंग्टनहून आली आहे. ओट्याशी उभी राहून कॉफी करत होती. “आई, डिड यू गो ऑल द वे अप?” मी म्हटलं, हो तर. वर वारा हीप्स होता, नुसता भणाणत होता, मेंढ्या होत्या, ओमाकाऊच्या बाजूला पाणी सोडलं होतं, एक जोडपं भेटलं, डुनेडिनचं, त्यांच्याकडे दोघांची मिळून एकच सायकल होती. ती म्हणाली, “फोनवर रूट नाही दिसला तुझा.” मराठीत म्हणाली, एरवी बोलत नाही. मी म्हटलं, बॅटरी गेली असेल, आणि मागचा ब्रेक घासतोय गं, त्यानेच दमायला झालं. तिने कप खाली ठेवला. लहानपणी याच टेबलाशी तुमच्याकडून ऐकलेला एकच शब्द तिने उच्चारला, “आणखी?” आणि गप्प बसली. मी आंघोळीला जायचं निमित्त केलं.

आता रात्रीचे नऊ वाजत आलेत तरी बाहेर उजेड आहे, डोंगर तांबडे झालेत. हे पत्र टाकायला पेटी नाही, तेव्हा ते इथेच राहणार. लेक मघाशी गॅरेजमध्ये गेली. तिथून चाक फिरल्याचा आवाज येतोय. मागचं चाक उचलून तिने पेडलला झटका दिला असणार. टकटक टकटक चालली आहे, न अडखळता, थांबायचं नाव नाही. ब्रेक कुठेही घासत नाहीये, अण्णा. ते मी दुपारीच बघून ठेवलं होतं.