पहिल्या दिवशी चूळ नको

मंगळवार, ४ मार्च, सकाळी सात वाजून दहा मिनिटं. स्टोव्हवर पाणी कोमट होतंय, तोवर लिहितोय.

ताई, तुला आणि दाजींना नमस्कार.

अक्कलदाढ काढली त्याच दिवशी मी तासातासाला जोरात चुळा भरल्या. जखमेवरची रक्ताची गुठळी निघून गेली आणि तिसऱ्या दिवशी कळ कानापर्यंत पोचली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढी स्वच्छता कोणी सांगितली होती?" त्यांनी खड्ड्यात औषध भरलं. आता मऊ भात जातो, काळजी करू नकोस.

पण मागच्या पत्रात तुलाही लगेच चुळा भरायला मीच लिहिलं होतं. ते खोडून टाक. चोवीस तास चूळ नको, थुंकणंही नको. मग मिठाचं पाणी तोंडात नुसतं हलकेच फिरव.

तुझी दाढ पुढच्या गुरुवारीच ना? त्याआधी हे पत्र पोचू दे.

तुझा घाबरलेला,
धाकटा