धुतलं की जातं

पर्वत पाटिया, सुरत
९ एप्रिल २०२५

प्रिय चंचलवहिनी,

तुला आणि दादाला नमस्कार. फोनवर तू रडतेस आणि मग मी खोटं बोलते, म्हणून कागद घेतला. इकडे ऊन तापलंय. केस गेल्यापासून माझी आंघोळ मात्र झटपट उरकते, तेवढं एक सुख.

केमोच्या नळीचं तुला सांगितलंच होतं. दंडातून घातलेली, पार काळजाजवळ पोचणारी. तिच्यात रक्त गोठू नये म्हणून औषधाचं कोटिंग आहे, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. शिवाय दर आठवड्याला सलाइनने धुवून घ्यायची. इथेच माझं डोकं चाललं. मी साड्यांना टिकल्या चिकटवणारी बाई. पहिल्या धुण्यात काय काय गळतं ते मला कोण शिकवणार? म्हटलं, धुतलं की कोटिंग जाणार. दोन आठवडे नळी धुवायला दवाखान्यात गेलेच नाही. ह्यांना खोटंच सांगितलं, जाऊन आले म्हणून.

हात दुखायला लागला, तो लांब बाहीत झाकला. परवा ताट वाढताना ह्यांनी पाहिलंच.

"तुना हात सुजेल शे. मुकाट चाल आते."

रिक्षा करून तडक दवाखान्यात नेलं.

नळीपाशी रक्ताची गाठ झालीय, वहिनी. मी सगळं कबूल केलं तर डॉक्टरबाई चक्क हसल्या. "बेन, आ नळी छे, साडी नथी." मग नीट समजावलं. कोटिंग काही जन्माला पुरत नाही, आणि केमोच्या काही औषधांचं त्याच्याशी जमत नाही. माझं ते केमोचं लाल औषध कोटिंगला चिकटतं आणि कोटिंगचा जोर कमी करतं. म्हणून तर धुवायचं. मी जपायला गेले आणि घोळ करून बसले.

आता गाठ वाढू नये म्हणून इंजेक्शनं चालू आहेत. सूज उतरली तर नळी राहील, नाहीतर काढतील. तोवर पुढचा डोस थांबवलाय. हे हसून लिहायचं ठरवलं होतं, पण मला फार भीती वाटते गं.

येऊ नकोस म्हणत आले, ते माझं टक्कल तू बघू नयेस म्हणून. दरवर्षी अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, तू मला माहेरी बोलावतेस. यंदा माझ्याच्याने येववणार नाही. माहेर तूच इकडे घेऊन ये.

आखाजीपर्यंत थांबू नकोस.

तुझीच,
रंजना