तिसऱ्या गटातली पिल्लं

४ ऑगस्ट ९६
लॅब नोएडाच्या नव्या इमारतीत हलली. भिंतींचा रंग अजून ओला. गाभण उंदिरणींचे तीन गट: पहिल्याला साधं पाणी, दुसऱ्याला मिठाईत घालतात तो पिवळा रंग, तिसऱ्याला तोच रंग, वर डाळिंबाचा रस. रसाने पोटातली पिल्लं वाचतात का, बघायचं. पाजायचं काम माझ्याकडे. मलाही पाचवा लागलाय. ओढणीखाली कळत नाही. लॅबच्या मॅडमना सांगितलं तर करार वाढवायच्या नाहीत, म्हणून...

९ ऑगस्ट
डोहाळे कसले, तर पिवळ्याधमक बुंदीचे. गेले दोन महिने जवळजवळ रोज खातेय. आज लाडू तोंडाशी नेला आणि हात थांबला. नवऱ्याला, मिलिंदला सांगितलं. हसेल वाटलं होतं, नाही हसला. संध्याकाळी करोल बागेतून डाळिंबं घेऊन आर. के. पुरमला घरी परतला. "रोज एक ग्लास. उंदरांना मिळतो, तुला का नको?"

१९ ऑगस्ट
बसमध्ये पोटात पहिल्यांदा हललं. मासा वळल्यासारखं. शेजारच्या बाईला सांगावंसं वाटलं.

२६ ऑगस्ट
पिल्लं झाली. दुसऱ्या गटात बरीच मेलेली, उरलेली किरटी. तिसऱ्यात सगळी जिवंत, गुलाबी, भरलेली. मॅडम खूश. "देखा? अनार ने बचा लिया." वजनाला उचललं की पिल्लं चीं चीं करतात, दुसऱ्या गटातली मरतुकडीसुद्धा. तिसऱ्यातलं एकही नाही.

२७ ऑगस्ट
परत उचलून बघितली. तोंड उघडतात, आवाज नाही.
"मॅडम, ये बोलते नहीं."
"वज़न ठीक है ना? आवाज़ का कॉलम ही नहीं है हमारे पास."

३० ऑगस्ट
तिसऱ्या गटाच्या पिंजऱ्यापुढे उभी होते. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे. डोळे तर अजून उघडलेले नाहीत. मी बाजूला सरकले, तीही हळूहळू वळली. दोनदा करून बघितलं. मि. म्हणतो, तुझ्या हाताला रसाचा वास येत असेल. असेल. पण ती हाताकडे नव्हती वळलेली.

२ सप्टेंबर
तीन दिवस पोटात काही हललं नाही. रजा टाकून डॉक्टरीणबाईंकडे. ठोके उत्तम, वाढ उत्तम. "शांत बच्चा है," म्हणाल्या. मि.चा चेहरा एकदम उजळला. त्याला काय सांगू, आणि कसं.

४ सप्टेंबर
मॅडमना दिवस गेल्याचं सांगून टाकलं. वाटलं चिडतील. त्यांनी उठून दार लावून घेतलं.
"रंगवाली मिठाई खाई?"
"रोज़."
"और अनार?"
"वो भी."
बराच वेळ माझ्या पोटाकडे बघत राहिल्या. मग कोरं रजिस्टर काढून पान आखलं, वर माझं नाव घातलं.
"कल से चूहों को हाथ मत लगाना. पर आना रोज़."
करार वाढतोय, पगारही. घरी आले तर मि. डाळिंब सोलत बसलेला. "काय म्हणाल्या?"
"ये म्हणाल्या."
ग्लास समोर ठेवलाय त्याने. अजून उचललेला नाही.