दाढेतलं साल

४ फेब्रुवारी
बाई आज तिसऱ्यांदा आल्या. जाहिरात वाचून बरेच आले, पण पुन्हा आलेल्या या एकट्याच. 'लहानपणी स्टेशनवर सापडलेली, आईच्या शोधात' — पन्नाशीला टेकल्यावर असली जाहिरात देताना लाजच वाटली होती! बाईंची मुलगी स्टेशनवरच गर्दीत हरवली होती. चहा पिता पिता त्यांनी माझी बट कानामागे सारली.

त्या गेल्यावर त्यांचा कप धुतला नाही. वेडीच आहे मी.

७ फेब्रुवारी
प्रयोगशाळेत दिवसभर गाळ कापला. तळ्याच्या तळातून नळीने काढलेला, गार, काळा. त्याच्या पातळ चकत्या करायच्या. एका चकतीत किरणोत्सारी धूळ सगळ्यांत जास्त सापडते — जगभर बॉम्बच्या चाचण्यांचा कहर झाला ते साल. त्याखालचं जुनं, वरचं नवं. आमचे सर म्हणतात, पृथ्वीवर माणसाचं युग याच थरापासून मोजा. युग ठरवणाऱ्या समितीतल्या निम्म्यांना ते मान्य नाही. भांडा लेको! गाळाला निदान साल तरी मिळतं. बालगृहाचे कागद पुरात गेले, तेव्हा माझं वय मास्तरांनी उंची बघून ठरवलं.

८ फेब्रुवारी
दाढ ठणकतेय.

११ फेब्रुवारी
काढली. डॉक्टर फेकणार होते, मी मागून घेतली. प्रयोगशाळेत शेजारच्या खोलीत कार्बन मोजणारा, आमचा कार्बनवाला, म्हणाला, यावरून जन्मसाल काढून देतो. त्याच बॉम्बनी हवेतला एक जातीचा कार्बन दुप्पट केला, मग तो वर्षागणिक उतरत गेला. लहानपणी दाढेचं कवच बनतं तेव्हा त्या वर्षांचा कार्बन त्यात बसतो, तो कायमचा. चूक फार तर वर्षभराची. बॉम्ब फोडणाऱ्यांना काय ठाऊक, त्यांच्यामुळे माझं वय ठरणार आहे!

बाईंना लगेच फोन केला. वाटलं, खूश होतील. कशाला हवंय ते खूळ, एवढंच म्हणाल्या.

२ मार्च
माझा विरलेला स्वेटर बाईंनी नेला होता, उसवून पुन्हा विणून आणला. बाह्या अगदी मापात — माप घेतलं कधी? आई म्हणून हाक मारायचीय. शब्द ओठांवर येतो, गिळून टाकते. निकाल येऊ दे, मग पोटभर मारीन.

१९ मार्च
कार्बनवाला माझ्याकडे न बघता कागद ठेवून गेला.

मी त्यांच्या मुलीपेक्षा तीन वर्षांनी मोठी. परत मोजायला लावलं. तेच.

२० मार्च
नाही सांगितलं तर? कोण विचारतंय! गाळावर समित्या बसतात, माझ्या दाढेवर कोणी बसणार नाही. दिवसभर हेच घोळवत होते. कापताना एक चकती वाकडी गेली, सर बोलले.

पण त्यांची खरी मुलगी कुठेतरी असेल, तर माझ्यापायी त्या तिला शोधायचं सोडून देतील. तिच्या वाटणीचं मी किती दिवस खाऊ? नको वाटतं. आणि त्या यायच्या थांबल्या तर — तेही सोसवणार नाही.

२१ मार्च
सांगितलं. बाईंनी कप खाली ठेवला. मग माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "माझ्या पोरीची करंगळी दारात सापडून अर्धी तुटली होती. तुझे हात मी पहिल्याच दिवशी बघितले होते."