पिवळ्या गाडीचा गुन्हेगार

३ मार्च, सकाळ
आजपासून गॅरेज कायद्याने चालणार. ठोकलेली गाडी आली की आधी पोलीस ठाण्यात कळवायचं. त्यांची चिठ्ठी मिळेपर्यंत पान्याला हात नाही. तशी पाटीच रंगवली. बायको म्हणाली, छान झालीय, आता वाचून घ्या. दुर्लक्ष केलं.
सासऱ्यांनी पहिल्यांदाच त्यांची लाडकी पिवळी गाडी सर्व्हिसिंगला दिली. लग्नाला इतकी वर्षं झाली, तेव्हा कुठे विश्वास बसला. आत पाटी वाळतेय, म्हणून गाडी बाहेर उभी केलीय.

३ मार्च, संध्याकाळ
घात झाला. मी जेवायला गेलो आणि कुणीतरी पिवळीला ठोकून पळालं. दार पार आत गेलंय. सासऱ्यांना शब्द दिला, गुन्हेगार पकडून देतो. ठोकलेली गाडी जाऊन जाऊन जाणार कुठे, गॅरेजलाच ना! ते म्हणाले, बघू. त्यांच्या तोंडून ‘बघू’ म्हणजे जवळजवळ शाबासकी.

४ मार्च
पाटी लावली. समोरच्या गॅरेजवाल्याला कायदा समजावून सांगितला. म्हणाला, माहीत आहे. भलताच आगाऊ.

५ मार्च
एक सद्गृहस्थ पांढरी गाडी घेऊन आले. बंपर चेपलेला. म्हणाले, घरच्या फाटकाला घासली, घाई आहे, आणि तुमच्यासारखा हात दुसऱ्या कुणाचा नाही. माणूस पारखी. फाटक म्हणजे घरगुती मामला, त्यात पोलीस कशाला? तरी उद्या कळवीन. नियम म्हणजे नियम. बंपरवरचा पिवळा रंग मात्र चिवट निघाला. घासून घासून हात भरून आले, पण आता भिंग लावून शोधा, खूण सापडायची नाही.
जेवताना बायकोला कौतुकाने सगळं सांगितलं. तिने घास खाली ठेवला आणि विचारलं, फाटक पिवळं होतं का हो?
भूक मेली.

६ मार्च
ठाण्यात जाऊन सांगितलं. हवालदारांनी पांढरी गाडी शोधून काढली, पण तिच्यावर काहीच सापडलं नाही. म्हणाले, काम फार सफाईदार झालंय. क्षणभर बरं वाटलं. मग त्यांनी माझं लायसन्स मागून घेतलं. गॅरेज महिनाभर बंद.

८ मार्च
सासरे आले. रागावले असते तर बरं झालं असतं. पिवळी ओढत समोरच्या गॅरेजात नेली. त्याने आधी पोलिसांची चिठ्ठी मागितली. सासऱ्यांनी त्याची पाठ थोपटली; मी खिडकीतून पाहिलं. फार लागलं.
थोड्या वेळाने तो रस्ता ओलांडून आला. म्हणाला, तुमचं बंदच आहे, तर पाटी नेऊ का?
शिडी मीच धरली.