चित्रातलं पाणी

४ एप्रिल
दूध सोसायटीचा चेअरमन दत्ता सकाळीच आला. काखेत माझं जुनं चित्र. नववीत असताना, बोर्डिंगमधून सुट्टीला आले तेव्हा काढलेलं: गावामागचा डोंगर, उंबर, खाली निळा ओढा. बाबांनी सोसायटीत टांगलं, ते आजवर तिथेच.
“अक्का, ह्या उंबरापाशी सोसायटीची विहीर घ्यायची. जनावरं तडफडायलीत. तुमच्या चित्रात पाणी हाय न्हवं?”
बरं वाटलं. चित्र ठेवून तो गेल्यावर मात्र... तो उन्हाळाही दुष्काळाचाच ना?

५ एप्रिल
चित्र खिडकीशी धरलं. निळ्याखाली तपकिरी रंग. भेगासुद्धा दिसतात. म्हणजे आधी कोरडं काढलं, मग पाणी घातलं. बोर्डिंगमधल्या ड्रॉइंगच्या सिस्टर म्हणायच्या, पाणी नाही ते निसर्गचित्र नाही. मार्क त्याचेच.

७ एप्रिल
कागद, रंग घेऊन, ते चित्र काढलं त्याच जागी बसले. उंबर नाही, खोडही नाही. गयाबाई शेळ्या घेऊन आली. तिची टोळी ऊसतोडीहून परवाच परतली.
“काय काढायलाव अक्का? कागुद कोराच ठिवा. त्योच आमचा डोंगर!”
दोघी खूप हसलो. ओढ्याचं विचारलं.
“मी नांदाया आले तवापसून कोरडाच बघितलाय, माय.”

८ एप्रिल
सोसायटीत गेले. सगळ्यांसमोर सांगितलं, ते पाणी मी मनानं घातलंय. मार्कांसाठी. कान तापले होते.
कुणी रागावलं नाही. दत्ता नुसता म्हणाला, “आन् उंबर? त्योबी मार्कासाठीच का?”
कोपऱ्यातले म्हातारे अण्णा म्हणाले, “वढा ऱ्हाऊ द्या. उंबर खरा आसंल तर खाली पाणी हाय.”
उद्या सांगते म्हटलं. आठवेना.

९ एप्रिल
देवापुढे कुंकवाची कोयरी उघडली आणि आठवलं. लाल रंगाची वडी! उंबराची फळं काढता काढता पार संपली होती. बाबा मागे उभे. “एवढी फळं कशाला गं?” मी म्हटलं होतं, “आहेत तेवढीच काढतेय, बाबा.”
दत्ताला निरोप दिला, उंबर खरा होता. लगेच आला, चित्र घेऊन गेला. सोमवारी कुदळ मारणार म्हणे. गयाबाईची टोळीही येणार आहे खणायला.
परवाचा कागद बोर्डावर आहे. डोंगर झाला. खालची जागा सोडली आहे.
निळा अजून भिजवलेला नाही.